एक रुग्ण, दोन खिडक्या : मनोविकार आणि व्यसनाधीनता यांवरील एकात्मिक उपचार

केंद्र सरकारच्या दोन दूरध्वनी सेवांचे क्रमांक शेजारी शेजारी लिहून पाहिले, तर त्यांत केवळ एका अंकाचा फरक आढळतो. १४४१६ हा आरोग्य मंत्रालयाच्या 'टेलि-मानस' सेवेचा क्रमांक. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. १४४४६ हा सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाच्या व्यसनमुक्ती सहायता सेवेचा क्रमांक. जुलै २०२४ मध्ये त्यांत १९३३ या तिसऱ्या क्रमांकाची भर पडली. मादक पदार्थांच्या व्यापाराची माहिती देण्यासाठी व समुपदेशनासाठी असलेली ही सेवा गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील अमली पदार्थ नियंत्रण विभागाची आहे आणि तिचेही नाव 'मानस' असेच आहे. परीक्षार्थींनी या तिघांची गल्लत करू नये, हे खरेच. परंतु रात्री अकरा वाजता ज्या घरात दोन दिवस दारू न मिळाल्याने थरथरणारा आणि कोणी तरी आपल्याला मारायला आले आहे असे ओरडणारा मुलगा आहे, त्या घरातील आईने यांपैकी कोणता क्रमांक फिरवावा?

हा प्रश्न केवळ क्रमांकांचा नाही. मुलाला मनोविकार आहे की व्यसन, हे ठरविण्याची जबाबदारी आपल्या व्यवस्थेने प्रत्यक्षात त्याच्या कुटुंबावर टाकलेली आहे. दोन्ही आजारांवरील सेवा वेगवेगळ्या मंत्रालयांच्या, वेगवेगळ्या निधीतून चालणाऱ्या आणि पुष्कळ ठिकाणी वेगवेगळ्या इमारतींत आहेत. आजार मात्र एकाच देहात, एकाच वेळी वास करतात. ही विभागणी कशी निर्माण झाली, तिचे परिणाम कोणते आणि ती दूर करण्याच्या दिशेने कोणती पावले पडली आहेत, याचा विचार येथे करावयाचा आहे.

दोन आजारांचे नाते

मनोविकार आणि मादक पदार्थांच्या सेवनातून उद्भवलेला विकार हे दोन्ही एकाच व्यक्तीत एकत्र असणे, या स्थितीस 'सहविकार' किंवा 'दुहेरी निदान' असे म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आणि अकराव्या अशा दोन्ही आवृत्त्यांत व्यसनाधीनता हा मानसिक विकारांच्याच प्रकरणातील एक गट आहे. म्हणजे ही फाळणी वैद्यकशास्त्राने केलेली नाही. ती प्रशासनाची आहे.

हे नाते एकमार्गी नसते. कधी मनोविकार आधी येतो आणि त्याचा त्रास कमी करण्यासाठी रुग्ण नशेकडे वळतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ एडवर्ड खान्त्झियन यांनी १९८५ मध्ये 'स्व-औषधोपचार' या गृहीतकाद्वारे हीच बाजू मांडली होती. झोप न लागणारा, सतत धास्तावलेला माणूस संध्याकाळी दारू घेतो. पहिले काही दिवस त्याला बरेही वाटते. कधी क्रम उलटा असतो. दीर्घकाळच्या मद्यपानाने नैराश्य येते, तर किशोरवयात सुरू झालेल्या गांजाच्या नियमित सेवनाने सायकोसिसचा, म्हणजे वास्तवाचे भान सुटण्याचा, धोका वाढतो. काही वेळा आनुवंशिकता, बालपणी सोसलेला छळ, बेकारी, घरापासून दूर एकट्याने काढलेली वर्षे अशी दोन्ही विकारांची मुळे सामाईक असतात.

यांपैकी कोणता क्रम खरा, हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही. याचा एक जुना आणि बोधप्रद दाखला आपल्याच देशात आहे. गांजामुळे वेड लागते काय, याचा शोध घेण्यासाठी ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये एक आयोग नेमला. आयोगाने मनोरुग्णालयांच्या नोंदवह्या तपासल्या, तेव्हा आजाराच्या कारणाच्या रकान्यात 'गांजा' हा शब्द वारंवार आढळला. खोलात गेल्यावर असे दिसले की, रुग्णाला आणणाऱ्या पोलिसांनी जे कारण सांगितले, तेच पुष्कळदा चौकशीविना लिहिले गेले होते. गांजा ओढण्याची सवय असल्याचे कळले, की तेच कारण मानले जाई. नोंदवहीतील तो रकाना आजही आपल्या मनात आहे. 'दारूमुळेच असे झाले' हे वाक्य रुग्णालयाच्या ओसरीवर जितक्या सहजतेने उच्चारले जाते, तितक्या सहजतेने ते सिद्ध होत नाही.

वैद्यकीयदृष्ट्या काळजी घ्यावयाची ती येथेच. दारूवर अवलंबून असलेल्या व्यक्तीने ती अचानक थांबविली, तर सहा ते चोवीस तासांत कंप व अस्वस्थता सुरू होते. काहींना दोन ते चार दिवसांत भ्रम, भास आणि तीव्र गोंधळाची अवस्था येते. ही अवस्था प्राणघातक ठरू शकते. वरवर पाहता ती 'वेड' वाटते. प्रत्यक्षात ती तातडीच्या वैद्यकीय उपचाराची बाब असते. याउलट, मद्यपान थांबविल्यावर दोन ते चार आठवड्यांत अनेकांचे नैराश्य आपोआप ओसरते. ज्यांचे ओसरत नाही, त्यांना स्वतंत्र विकार असल्याचे समजते. म्हणून अंतिम निदानासाठी काही आठवडे थांबावे लागते. उपचार सुरू करण्यासाठी मात्र थांबावे लागत नाही. या दोन वाक्यांतील फरक विसरला गेल्यामुळे, 'आधी दारू सोडा, मग या' हा सल्ला शास्त्रीय वाटू लागला.

औषधांचेही परस्परांशी नाते असते. दारू सोडविण्यासाठी दिल्या जाणाऱ्या डायसल्फिरामने काही रुग्णांत सायकोसिस बळावतो. विडी-सिगारेटच्या धुरामुळे ओलान्झापिन व क्लोझापिन ही औषधे शरीरातून लवकर बाहेर पडतात; त्यामुळे वॉर्डात धूम्रपान बंद झालेल्या रुग्णाच्या रक्तात तीच मात्रा अधिक भरते. व्यसनावर उपचार करणाऱ्यास मनोविकाराची औषधे ठाऊक नसणे, अथवा याच्या उलट स्थिती असणे, ही केवळ ज्ञानातील उणीव राहत नाही. रुग्णाच्या जिवाशी तिचा संबंध येतो.

प्रश्नाचा आवाका

बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार प्रौढ लोकसंख्येपैकी १०.६ टक्के व्यक्तींना सर्वेक्षणाच्या वेळी मानसिक विकार होता. तंबाखू धरून मादक पदार्थांच्या सेवनाचे विकार २२.४ टक्के, तर मद्यसेवनाचे विकार ४.६ टक्के आढळले. मनोविकाराच्या गरजू रुग्णांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते. मद्यसेवनाच्या विकारांत हे प्रमाण ८६ टक्के होते.

दिल्लीच्या एम्सच्या राष्ट्रीय व्यसनाधीनता उपचार केंद्राने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करीत असल्याचे दिसले. त्यांपैकी ५.७ कोटी लोकांना मदतीची गरज होती. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणता तरी उपचार मिळाला होता आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा १८० जणांत एक होता. पुरुषांत मद्यपानाचे प्रमाण २७.३ टक्के, स्त्रियांत १.६ टक्के. स्त्रियांची टक्केवारी लहान असल्यामुळे सेवांची आखणी पुरुषांना डोळ्यांपुढे ठेवून झाली, आणि पिणारी स्त्री आपला आजार लपविते ही गोष्ट नियोजनात फारशी आली नाही.

ही दोन सर्वेक्षणे दोन मंत्रालयांच्या दोन गरजांतून झाली, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आलेच असेल. पहिल्यात मनोविकार केंद्रस्थानी आहे, दुसऱ्यात पदार्थ.

दोन वाटांचा उगम

१९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात निमहान्सने केलेल्या प्रयोगाच्या आधारे १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आकारास आला. आता तो देशातील ७६७ जिल्ह्यांसाठी मंजूर आहे. दुसरी वाट १९८५ ची. त्या वर्षी गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम संमत झाला. त्याच सुमारास व्यसनमुक्तीचे काम स्वयंसेवी संस्थांमार्फत करण्याची केंद्रीय योजना सुरू झाली; आजची एकात्मिक व्यसनी पुनर्वसन केंद्रे त्याच योजनेची वारस होत. आरोग्य मंत्रालयाने आपला स्वतंत्र व्यसनमुक्ती कार्यक्रमही याच दशकात हाती घेतला. पुढे सुया टोचून अमली पदार्थ घेणाऱ्यांत एचआयव्हीचा प्रसार रोखण्यासाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने ब्यूप्रेनॉर्फिनची पर्यायी उपचार केंद्रे चालविली. मणिपूर-नागालँडमध्ये या केंद्रांचे महत्त्व विशेष राहिले.

राज्यघटनेतही हे विषय विखुरलेले आहेत. सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये राज्य सूचीत सहाव्या नोंदीत, मादक पेये त्याच सूचीत आठव्या नोंदीत, तर मनोविकार समवर्ती सूचीत सोळाव्या नोंदीत येतो. अनुच्छेद ४७ मादक पेयांच्या व पदार्थांच्या सेवनाला बंदी करण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे सांगतो. पण तोच अनुच्छेद सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य असल्याचेही सांगतो. परीक्षेतील उत्तरांत पहिला भाग हमखास लिहिला जातो, दुसरा क्वचित.

या मांडणीमागे काही तर्क होता, हे मान्य केले पाहिजे. १९८० च्या दशकात मनोविकारतज्ज्ञ अत्यल्प होते, मनोरुग्णालयांची कीर्ती भयावह होती आणि व्यसनी व्यक्तीला तेथे पाठविणे कोणासही रुचले नसते. स्वयंसेवी संस्थांनी समुदायाच्या, कुटुंबाच्या आणि बरे झालेल्या सहकाऱ्यांच्या आधारावर जे उभे केले, ते सरकारी वॉर्डांत उभे राहिले नसते.

तीन पद्धती

एक कल्पित उदाहरण घेऊ. यंत्रमागावर काम करणारा अठ्ठावीस वर्षांचा तरुण आहे. त्याला दोन वर्षांपासून कानात आवाज ऐकू येतात. रात्रपाळीनंतर दारू घेतली, की आवाज मंदावतात. दारू वाढली तसे काम सुटले. घरच्यांनी त्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेले. तेथे आठव्या दिवशी तो भिंतीशी बोलताना दिसला, तेव्हा 'हा मनोरुग्ण आहे, आमच्याकडे त्याची सोय नाही' असे सांगून त्याला परत पाठविण्यात आले. जिल्हा रुग्णालयात गोळ्या मिळाल्या. त्यासोबत 'दारू प्यायल्यास गोळ्या घेऊ नका' अशी सूचनाही मिळाली. त्याने सूचना अक्षरशः पाळली. दारू घेतली त्या दिवशी गोळी घेतली नाही, आणि दारू तो रोज घेत होता.

येथे कोणीही निष्काळजीपणा केलेला नाही. प्रत्येकाने आपल्या खिडकीपुरते काम चोख केले. एका आजाराचा उपचार संपल्यावर दुसऱ्याचा सुरू करणे ही क्रमिक पद्धत होय. दोन ठिकाणी दोन उपचार एकाच वेळी चालू ठेवणे ही समांतर पद्धत. तिच्यात दोन ठिकाणच्या सूचनांचा मेळ घालण्याचे काम रुग्णाच्या, म्हणजे ज्याला ते सर्वांत अवघड त्याच्या, माथी येते. एकाच चमूने, एकाच केसपेपरवर, दोन्ही आजारांचा एकत्रित विचार करणे ही एकात्मिक पद्धत. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात रॉबर्ट ड्रेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला पद्धतशीर रूप दिले. पूर्ण व्यसनमुक्ती ही उपचाराची पूर्वअट न मानता हळूहळू गाठावयाचे ध्येय मानणे, हा तिचा गाभा. आपल्या तरुणाच्या बाबतीत याचा अर्थ साधा आहे : दारू घेतलेल्या दिवशीही आवाजांवरील औषध सुरक्षितपणे कसे चालू ठेवायचे, हे डॉक्टरांनी ठरवून त्याला व त्याच्या आईला समजावून सांगायचे, आणि आवाज कमी झाले की दारूचा विषय काढायचा.

कायद्यातील जोड आणि भेगा

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम २ मधील मनोविकाराच्या व्याख्येत मद्य व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी संबंधित मानसिक अवस्थांचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम १८ नुसार सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि कलम ९५ रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई करते. या मनाईमागे ६ ऑगस्ट २००१ ची तामिळनाडूतील एरवाडीची आठवण आहे. त्या दिवशीच्या आगीत बांधून ठेवलेले २८ जण मृत्युमुखी पडले. व्यसनमुक्तीच्या नावाने माणसे कोंडून ठेवणाऱ्या जागांनाही ही मनाई लागू व्हावयास हवी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आणि त्यासाठी अशा जागांची मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी व तपासणी होणे ही पहिली पायरी आहे.

व्याख्येतील ही जोड सर्वत्र टिकलेली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मनोविकाराची व्याख्या जवळपास त्याच शब्दांत आहे. तेथे मद्य व अमली पदार्थांचा उल्लेख मात्र नाही. विम्याचेही तसेच. २०१७ च्या अधिनियमाचे कलम २१ शारीरिक आजारांच्या धर्तीवर मनोविकारासाठी विमा देण्यास सांगते. तर विमा नियामकाने २०१९ मध्ये प्रमाणित केलेल्या वगळणुकींत मद्यासक्ती, अमली पदार्थांचे व्यसन आणि त्यांचे परिणाम यांवरील उपचार समाविष्ट आहेत. आपल्या तरुणाच्या बिलातील आवाजांचा खर्च कोठे संपतो आणि दारूचा कोठे सुरू होतो, हे कोणता लेखापाल सांगणार?

१९८५ च्या अधिनियमाविषयी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. तो केवळ दंडात्मक आहे, हा समज अपुरा आहे. कलम २७ सेवनासाठी शिक्षा सांगते. पण कलम ३९ न्यायालयाला व्यसनी व्यक्तीस उपचारासाठी सोडण्याचा अधिकार देते आणि कलम ६४-अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्यास अटींसह खटल्यापासून संरक्षण देते. या तरतुदींची माहिती रुग्णांपर्यंत पोहोचली, तर पोलिसांच्या धास्तीने घरात दडून राहणाऱ्या काहींची वाट मोकळी होईल.

जेथे दोन्ही एकत्र आले

एकात्मिकतेची बीजे आपल्याकडे अजिबात नव्हती असे नाही. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिल अवचट आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. डॉ. अनिता त्याच रुग्णालयात काम करीत होत्या.

गोव्यातील 'संगत' संस्थेच्या संशोधनाचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, वैद्यकीय पदवी नसलेल्या परंतु प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी घातक मद्यपान करणाऱ्या ३७७ पुरुषांच्या चाचणीत जास्तीत जास्त चार बैठकांचे समुपदेशन केले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के, तर नेहमीचीच सेवा मिळालेल्यांपैकी २६ टक्के पुरुष घातक पातळीच्या बाहेर आले. तीव्र नैराश्यासाठीही त्याच धर्तीच्या समुपदेशनाची चाचणी गोव्यात झाली. लाख लोकांमागे ०.७५ मनोविकारतज्ज्ञ असलेल्या देशात हा निष्कर्ष मोलाचा आहे. दारूवर पूर्णतः अवलंबून असलेले रुग्ण या चाचणीत नव्हते, हेही ध्यानात ठेवावे.

पंजाबने ऑक्टोबर २०१७ मध्ये अफूजन्य पदार्थांच्या व्यसनासाठी बाह्यरुग्ण केंद्रे सुरू केली. तेथे ब्यूप्रेनॉर्फिन व नॅलोक्झोन यांची संयुक्त गोळी प्रथम देखरेखीखाली दिली जाऊ लागली. भरती न होता, रोजगार न सोडता उपचार घेता येणे, ही या केंद्रांची ताकद. औषधासाठी वारंवार येणारा रुग्ण म्हणजे त्याची झोप, उदासी आणि आत्महत्येचे विचार यांची विचारपूस करण्याची वारंवार मिळणारी संधी होय. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात नोंदलेल्या १,७०,९२४ आत्महत्यांपैकी ६.८ टक्क्यांचे कारण व्यसन असे दिले आहे. मृत्यूचे एकच कारण लिहिण्याची ती रीत पाहता, 'आजारपण' वा 'कौटुंबिक समस्या' या रकान्यांतही दारू किती मिसळलेली असेल, याचा अंदाज करता येतो.

पहिल्या पायरीवर

आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या विस्तारित सेवांत मानसिक, मज्जासंस्थेचे आणि व्यसनाधीनतेचे विकार एकाच गटात घेतले आहेत. आशा कार्यकर्ती तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी जो तपासणी तक्ता भरते, त्यात तंबाखू व रोजचे मद्यपान यांविषयी प्रश्न आहेत आणि उदासीविषयीचे दोन प्रश्नही आहेत. म्हणजे दोन्ही आजार एकाच कागदावर प्रथमच भेटतात. परंतु मद्यपानाचे गुण मधुमेह-रक्तदाबाच्या जोखमीत मिळविले जातात, आणि उदासीचे गुण स्वतंत्रपणे मोजले जातात. एका व्यक्तीची दोन्ही उत्तरे होकारार्थी आली, तर तिला त्याच आठवड्यात समुदाय आरोग्य अधिकाऱ्यापुढे नेण्याचा नियम करण्यास नवी यंत्रणा लागत नाही. तक्ता वयाची तिशी गाठल्यावर सुरू होतो, ही त्याची मोठी मर्यादा. कारण दोन्ही आजारांची सुरुवात बहुधा त्याआधी होते.

जिल्हा पातळीवरही जुळणी शक्य आहे. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या निधीतून काही सरकारी रुग्णालयांत व्यसन उपचार सुविधा सुरू झाल्या आहेत आणि त्यांचा समन्वय एम्सचे केंद्र पाहते. जेथे ही सुविधा आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा बाह्यरुग्ण विभाग एकाच रुग्णालयात आहेत, तेथे दोन्हींचा वार एक ठेवणे, नोंदणी क्रमांक एक ठेवणे आणि कोणत्याही खिडकीवर आलेल्या रुग्णास परत न पाठविणे, एवढे जिल्हा शल्यचिकित्सक आपल्या अधिकारात करू शकतात. पुनर्वसन केंद्रांसाठी आठवड्यातून एकदा मनोविकारतज्ज्ञाची भेट किंवा टेलि-मानसमार्फत सल्ला ठरवून घेता येईल. केंद्रातून घरी जाणाऱ्याच्या हाती पुढील तपासणीची तारीख आणि किमान दोन आठवड्यांची औषधे असली, तर यंत्रमागावरच्या त्या तरुणाला आठव्या दिवशी घरचा रस्ता धरावा लागला तरी त्याचे उपचार त्या दारातच संपणार नाहीत.